पाटीवरची परिषद

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, इचोडा मंडलातल्या खेड्यांमधली सरकारी प्राथमिक शाळेची पाटी वाचली, तर बहुतेक ठिकाणी तिच्यावर ‘मंडल परिषद प्राथमिक शाळा’ असे लिहिलेले असते. हायस्कूल असेल तर ‘जिल्हा परिषद’. पाटीवरून वाटावे की शाळा परिषदेची, मास्तर परिषदेचे, आणि मास्तर आठवडाभर फिरकले नाहीत तर आपण निवडून दिलेल्या सदस्याला त्याचा जाब विचारता येईल. प्रत्यक्षात मास्तरांची नेमणूक, बदली, पगार हे सगळे राज्याच्या शिक्षण खात्याकडून ठरते. आणि जुलै 2024 पासून तर परिषदच नाही. मे 2019 मध्ये मंडल परिषदेवर निवडून आलेल्या एमपीटीसी आणि जिल्हा परिषदेवर निवडून आलेल्या झेडपीटीसी सदस्यांची पाच वर्षे संपली, मंडल परिषदेवर स्पेशल ऑफिसर आला, जिल्हा परिषदेचा कारभार कलेक्टरकडे गेला. ग्रामपंचायतींची मुदत त्याआधी काही महिने संपली होती. त्यांच्या निवडणुका अखेर डिसेंबर 2025 मध्ये तीन टप्प्यांत झाल्या. मंडल आणि जिल्हा परिषदांच्या मात्र ते वर्ष सरले तरी झाल्या नव्हत्या. सरपंच नसला की गावाला ते जाणवते: दिवाबत्ती, गटार, दाखला, काही ना काही अडते. एमपीटीसी सदस्य नसल्याने काय अडले, हे सांगायला गावकऱ्याला जरा आठवावे लागेल. यावरून एक निष्कर्ष झटकन निघतो, की मधली पायरी मुळातच निरुपयोगी होती, ती गेली तर बरेच झाले. माझे म्हणणे उलटे आहे. खुर्ची रिकामी झाल्याचे कुणाला खुपले नाही, कारण त्या खुर्चीपुढचे टेबल फार आधीच उचलून नेलेले होते. म्हणून नुसती निवडणूक घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. आणि निवडणूकच न घेतल्याने तर तो कुणाच्या नजरेसही पडणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘मंडल’ हा शब्द महसूल मंडळासारखा वाटतो, म्हणून थोडे सांगायला हवे. आदिलाबाद हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत त्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मराठी मुलखाकडे आले. बोथ, इचोडा हा भाग आंध्र प्रदेशात आणि पुढे तेलंगणात गेला. रेषा कागदावर ओढली गेली, पण बोली, सोयरिकी आणि कापसाचा व्यापार दोन्ही बाजूंना तसाच राहिला. बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशींनंतर आंध्र प्रदेशाने 1959 मध्येच पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदा उभ्या केल्या; महाराष्ट्राची त्रिस्तरीय व्यवस्था 1 मे 1962 ची. पुढे एन. टी. रामाराव यांनी 1984 मध्ये वंशपरंपरेने चालत आलेली पटेल-पटवारी पद्धत मोडली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे 330 समित्यांच्या जागी अकराशेच्या आसपास मंडले केली. हेतू सरळ होता: तालुक्याचे ठिकाण पन्नास किलोमीटरवर असण्यापेक्षा सरकार बैलगाडीच्या टप्प्यात यावे. 1987 च्या निवडणुकीत मंडलाचा अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, दोघेही थेट मतदारांनी निवडले. 1994 च्या कायद्याने ते थेटपण काढून घेतले. आता साधारण साडेतीन हजार लोकसंख्येमागे एक एमपीटीसी सदस्य, त्यांच्यातून मंडलाध्यक्ष म्हणजे एमपीपी, आणि अख्ख्या मंडलातून जिल्हा परिषदेवर एकच झेडपीटीसी सदस्य. 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्यामुळे 2019 मध्ये निवडून आलेल्या आदिलाबाद जिल्हा परिषदेत अवघे 17 झेडपीटीसी सदस्य होते. जिल्हा लोकांच्या जवळ आला हे खरे. पण 17 जणांच्या सभेचा आवाज हैदराबादेत किती ऐकू जाणार, हाही प्रश्न त्याच्यासोबत आला.

या परिषदांकडे काम काय राहिले ते पाहू. 24 एप्रिल 1993 पासून अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत 29 विषय दिले: शेती, पाटबंधारे, पिण्याचे पाणी, रस्ते, शाळा, दवाखाने, दुर्बल घटकांचे कल्याण. राज्यांनी ते पंचायतींकडे ‘सोपवावेत’ अशी रचना आहे, आणि सगळी मेख त्या सोपवण्यात आहे. इचोड्याच्या वाडी-गुड्यांत नळाने येणारे पाणी ‘मिशन भगीरथ’चे, त्याची यंत्रणा राज्याची. खेड्याला खेडे जोडणारा रस्ता पंचायत राज खात्याच्या इंजिनिअरांकडे. तो इंजिनिअर परिषदेच्या सभेला येतो, पण त्याचा वरिष्ठ परिषदेत नसतो. महिला बचत गटांचे जाळे ग्रामीण दारिद्र्य निर्मूलन संस्थेकडे. गोंड, कोलाम, परधान, आंध, लंबाडा यांच्यासाठीच्या योजना उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेकडे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या आयटीडीएकडे. तिचा कारभार प्रोजेक्ट ऑफिसर पाहतो. दवाखान्यातला डॉक्टर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली. एकेक खाते स्वतंत्रपणे पाहिले तर प्रत्येकाकडे आपले कारण आहे, आणि ते बहुधा खोटेही नाही: तांत्रिक काम तज्ज्ञांनी करावे, आदिवासींसाठी खास यंत्रणा असावी, पाणी योजना नदीवरून आणायची तर ती एका मंडलापुरती कशी आखणार. पण सगळी कारणे एकत्र केली की मंडल परिषदेच्या हातात उरते ते खात्यांचे अहवाल ऐकून घेणे, त्यावर रागावणे आणि चहा झाल्यावर घरी जाणे. सदस्यही मग काय करील? आमदार सभेला आला तर त्याच्याकडे बघून बोलील, कारण निधी आमदाराकडून येतो हे त्याला ठाऊक असते.

पैशाची गोष्ट याहून बोलकी आहे. मंडल परिषद स्वतः ठरवून वसूल करते असा कर जवळपास नाही. स्टॅम्प ड्युटीवरच्या अधिभारातला वाटा, गौण खनिजांच्या रॉयल्टीतला वाटा, सरकारचे दरडोई अनुदान, असे वरून ठिबकेल त्यावर तिचा संसार. 2015 हे वर्ष या संसारावर दोनदा घाव घालणारे ठरले. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या काळासाठी ग्रामीण अनुदान केवळ ग्रामपंचायतींना दिले, मंडल आणि जिल्हा पातळीला एक रुपयाही नाही. त्याच सुमारास केंद्राने मागास प्रदेश अनुदान निधी बंद केला. आदिलाबाद हा त्या निधीतला जिल्हा होता. पंधराव्या आयोगाने चूक दुरुस्त करून तिन्ही पातळ्यांना वाटा दिला. राज्याच्या 2021-22 च्या अर्थसंकल्पात मंडल आणि जिल्हा परिषदांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली तेव्हा तिचा बराच गाजावाजा झाला. तेलंगणात मंडल आणि जिल्हा परिषदा मिळून साडेपाचशेच्या वर संस्था. म्हणजे सरासरी एका संस्थेच्या वाट्याला कोटीभरही येत नाही, आणि त्यात डझनावारी गावे बसवायची. याच्या तुलनेत अमेरिकेच्या ग्रामीण भागातली काउंटी बहुधा तीन ते पाच निवडून आलेल्या कमिशनरांचे मंडळ चालवते. घरजमिनीवर यंदा किती कर बसवायचा हे ते मंडळ उघड सभेत ठरवते, त्याच पैशातून रस्ते, पूल, तुरुंग आणि शेरीफचे कार्यालय चालते, आणि कर वाढवला तर पुढच्या निवडणुकीत शिव्याही तेच खातात. तिथेही गैरकारभार असतो, मूठभर घराण्यांची मक्तेदारी असते. त्या व्यवस्थेला डोक्यावर घेऊन नाचायचे कारण नाही. पण शिव्या कुणाला घालायच्या, हे तिथल्या शेतकऱ्याला माहीत असते. इचोड्याच्या कापूसवाल्याने रस्त्याच्या खड्ड्याबद्दल कुणाला शिवी घालावी, हे त्याला चार कार्यालये हिंडूनही कळेल याची खात्री नाही.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप असा: ग्रामपंचायत सक्षम करा, मधली पायरी हवीच कशाला? आणि याला इचोड्यातच उत्तम दाखला आहे. याच मंडलातले मुखरा (के) हे छोटे गाव. सरपंच गाडगे मीनाक्षी यांच्या कार्यकाळात तिथे ओल्या कचऱ्यापासून गांडूळखत तयार होऊ लागले, ते विकले गेले आणि त्या उत्पन्नातून पंचायतीने सौरऊर्जेचे पॅनेल बसवले. हागणदारीमुक्ती, झाडे, स्वच्छता यांत गावाचे नाव राज्याबाहेर गेले. पंचायत राजच्या 2018 च्या कायद्याने छोट्या वाड्यातांड्यांनाही पंचायत दिली. राज्यातल्या ग्रामपंचायतींची संख्या साडेआठ हजारांच्या घरातून बारा हजारांपलीकडे गेली, आणि त्यातून अशी काही गावे उजळली हे कबूलच करायला हवे. पण मुखऱ्याची गोष्ट नीट वाचली तर ती मधल्या पायरीच्याच बाजूने साक्ष देते. गावाच्या शिवेच्या आत जे करता येते ते गावाने करून दाखवले. कचरा गावाचा, खत गावाचे, छप्पर पंचायतीचे. आता पाचसातशे वस्तीच्या गावाला शिवेबाहेरचे काय करता येईल? मंडलाच्या दवाखान्यात डॉक्टर हवा, तर एकट्या गावाच्या ठरावाला कोण विचारतो. तीन गावांमधून जाणारा रस्ता, पाच गुड्यांना मिळून एक हायस्कूल, ओढ्यावरचा पूल, शाळकरी मुलींसाठी सकाळची बस, हे प्रश्न गावापेक्षा मोठे आणि राजधानीपेक्षा फार लहान आहेत. गावे जितकी लहान केली, तितकी त्यांना एकत्र बसवणाऱ्या जागेची गरज वाढली. आणि आपण नेमक्या त्याच काळात ती जागा वाळवली. शिवाय 2018 च्या कायद्याने सरपंचाला हाकायचा चाबूक कलेक्टरच्या हाती दिला. सरपंचाला निलंबित करण्याचा, काढण्याचा अधिकार त्याचा. लावलेल्या झाडांपैकी 85 टक्के जगली नाहीत तर सरपंचावर कारवाईची तरतूद. झाडे जगावीत याबद्दल वाद नाही. मात्र हजारो सुटे सरपंच एका अधिकाऱ्यापुढे एकेकटे उभे राहतात तेव्हा विकेंद्रीकरणाच्या नावाखाली सत्ता कुठे साठते, हे उघड दिसते.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि तो मला अधिक विचारात घेण्याजोगा वाटतो. स्पेशल ऑफिसर पक्षाचा नसतो, त्याला ठेके वाटायचे नसतात, त्याचे काम थांबत नाही. लोकांची गाऱ्हाणी ऐकायला कलेक्टर कचेरीत दर सोमवारी प्रजावाणी आहेच. या मांडणीमागे आदिलाबादपुरती एक थोर परंपराही आहे. 1940 मध्ये जोडेघाटला गोंड नेता कोमुरम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाचा अभ्यास करायला ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाठवले. त्यांच्या प्रयत्नांतून त्याच दशकात केसलापूरच्या नागोबा जत्रेत दरबार सुरू झाला. पौष अमावास्येला मेसराम कुळाची महापूजा होते, दूरदूरचे गोंड जमतात, आणि सरकारी अधिकारी तिथे येऊन त्यांची गाऱ्हाणी ऐकतात. इचोड्याहून फार दूर नसलेल्या त्या गावात हा दरबार आजही भरतो. सरकारने डोंगरातल्या माणसाकडे स्वतः चालत जावे, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती आणि अजूनही तिची किंमत कमी झालेली नाही. तरीही दरबार तो दरबारच. दरबारात माणूस अर्ज करतो. अर्ज मंजूर करणे ही देणाऱ्याची कृपा असते, नामंजूर केला तर कारण सांगायचे बंधन नसते, आणि मागच्या वर्षी दिलेल्या अर्जाचे काय झाले हे विचारायला पुन्हा पुढच्या अमावास्येची वाट. सभेत माणूस प्रश्न विचारतो. प्रश्नाची नोंद होते, उत्तर इतिवृत्तात जाते, उत्तर खोटे निघाले तर पुढच्या सभेत तो कागद पुढे करता येतो. प्रजावाणीला जाणारा माणूस तीसेक किलोमीटर जाऊन, रोज बुडवून, एकटा अर्ज देतो; त्याच्यासारखेच गाऱ्हाणे असलेले आणखी चाळीस जण रांगेत आहेत हे त्याला कळतही नाही. त्या चाळीस अर्जांचा एक प्रश्न करणे, हे निवडून आलेल्या सदस्याचे काम आहे. अर्जांची संख्या वाढली की प्रशासन लोकाभिमुख झाले असे समजायची पद्धत पडली आहे. मला ती आकडेवारी सभा मेल्याची नोंद वाटते.

आणि जिल्हा पातळीवर तर स्पेशल ऑफिसर म्हणजे खुद्द कलेक्टर. ज्याच्या खात्यांना प्रश्न विचारायचे तोच आता प्रश्न विचारणारा. अधिकारी प्रामाणिक, कर्तबगार असतील. असे कितीतरी आदिलाबादने पाहिले आहेत. तरीपण स्वतःच्या वहीवर स्वतःच बरोबरची खूण करण्याची व्यवस्था चांगल्या माणसालाही बिघडवते. काम थांबले नाही हेही अर्धसत्य आहे. पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान रीतसर निवडून आलेल्या स्थानिक संस्थांनाच मिळेल, अशी अट होती. निवडणूक लांबली की केंद्राचा पैसा दाराबाहेर थांबतो. शिवाय घटनेचे कलम 243-ई पाच वर्षांच्या आत नवी निवडणूक पूर्ण करा असे सांगते, ‘जमल्यास’ असा शब्द त्यात नाही.

तिसरा आक्षेप जुन्या लोकांच्या आठवणीतून येतो. समितीच्या जमान्यात अध्यक्ष म्हणजे तालुक्याचा राजा. शिक्षकांच्या बदल्यांचा बाजार, ठेकेदारांचे कोंडाळे, पक्षांतर. हे खोटे नव्हते. एमपीटीसी आणि झेडपीटीसी निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होतात, अध्यक्षपदासाठी सदस्यांना सहलीला नेऊन कोंडून ठेवण्याचा प्रकारही आपल्याला अनोळखी नाही. पण अधिकार देऊन बिघाड झाला म्हणून अधिकार काढला, त्याने बिघाड गेला का? बदल्यांचा बाजार मंडलातून उठला तो वर सरकला, जिथे इचोड्याच्या पालकाची नजरही पोचत नाही. उलट अनुभव कर्नाटकाचा आहे. अशोक मेहता समितीने 1978 मध्ये मंडल पंचायतीची शिफारस केली होती. रामकृष्ण हेगडे यांच्या सरकारात मंत्री अब्दुल नझीरसाब यांनी ती 1987 मध्ये मनापासून राबवली. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा, आणि त्याच्या हाताखाली जिल्हाधिकाऱ्याहून ज्येष्ठ सनदी अधिकारी. भ्रष्टाचार संपला असा दावा कुणी केला नाही, पण शाळेत मास्तर आणि दवाखान्यात डॉक्टर हजर राहू लागले, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. जवळच्या माणसाची चोरी लवकर दिसते, एवढे साधे कारण. राखीव जागांवर निवडून आलेल्या बायकांच्या नवऱ्यांनी कारभार हाकण्याची तक्रारही याच खात्यात मोडते. पश्चिम बंगालमध्ये राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी केलेल्या अभ्यासात स्त्री प्रधान असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केल्याचे दिसले. पदाला अर्थ असला की माणूस, बाई असो की पुरुष, हळूहळू त्या पदाएवढा होतो. अर्थच नसलेले पद नवऱ्याने चालवले काय आणि पीएने चालवले काय.

आदिवासी भागाचा आक्षेप मात्र असा झटकून टाकता येत नाही. निवडून आलेली परिषद म्हणजे बहुमत, आणि बहुमत म्हणजे रस्त्याकाठी स्थिरावलेले, व्यापारउदीम असलेले बिगरआदिवासी. डोंगरातल्या कोलामाला त्या सभेत कोण विचारणार? म्हणून आयटीडीए वेगळी ठेवली, तिच्यामुळेच आश्रमशाळा उभ्या राहिल्या, हे म्हणणे इतिहासाला धरून आहे. पण याच भीतीवर उपाय म्हणून संसदेने 1996 मध्ये पेसा कायदा केला. पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात सर्व पातळ्यांवरची अध्यक्षपदे अनुसूचित जमातींसाठी राखीव ठेवायला तो सांगतो. त्याचबरोबर सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचारी, आणि आदिवासी उपयोजनेसकट स्थानिक योजना व त्यांचा पैसा, यांवर ग्रामसभेचे आणि योग्य पातळीवरच्या पंचायतीचे नियंत्रण असावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे आयटीडीएचा वार्षिक आराखडा निवडून आलेल्या सभेपुढे यावा, ही माझ्या पदरची कल्पना नव्हे, तो गेली तीस वर्षे असलेला कायदा आहे. गोंडांच्या रायसभेला एकत्र बसून निवाडा करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. सभेचे शास्त्र त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. अडचण आहे ती भाषेची. मंडल कार्यालयाचा कागद तेलुगूत, सभेत बसलेला सदस्य घरी गोंडी किंवा मराठी बोलणारा. 1940 च्या दशकात मार्लवाईच्या प्रशिक्षण केंद्रासाठी गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत काढण्याइतकी समज निजामाच्या राजवटीने दाखवली होती. घटनेचे कलम 350 राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क देते. म्हणजे मराठीत अर्ज करता येतो. सभेचे इतिवृत्त मराठीत मिळण्याची सोय त्यात नाही. पुन्हा तोच फरक: अर्जाची वाट मोकळी, प्रश्नाची बंद.

राहिला निवडणुका लांबण्याच्या कारणाचा मुद्दा. तेलंगणाने जातगणना केली, मार्च 2025 मध्ये मागासवर्गीयांना 42 टक्के जागा देणारी विधेयके मंजूर केली. सप्टेंबरअखेर निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला आणि ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने आरक्षणाच्या आदेशाला स्थगिती दिल्यावर तो थांबला. मागासवर्गीयांची मागणी न्याय्य आहे आणि 50 टक्क्यांच्या मर्यादेवर पुन्हा विचार व्हावा, असे माझेही मत आहे. पण डिसेंबरात ग्रामपंचायती जुन्या मर्यादेत उरकता आल्या. मग मंडल-जिल्हा परिषदांनाच वाट पाहायला का लावले? मला दिसणारे उत्तर असे, की त्यांच्या वाट पाहण्याने कुणाचे नुकसान होत नाही अशी सगळ्यांचीच समजूत आहे. यात महाराष्ट्राने बोट दाखवू नये. 1956 मध्ये इस्लापूर ज्या नांदेड जिल्ह्यात आले, तिथली जिल्हा परिषदही मार्च 2022 पासून प्रशासकाच्या हाती गेली आणि 2025 सरेपर्यंत तशीच राहिली. निवडणुका घ्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये सांगावे लागले. सीमेच्या दोन्ही बाजूंना कारण एकच, आरक्षणाचा वाद. पूर्ण वाटा मिळेपर्यंत निवडणूक नको, या न्यायाने मागासवर्गीय उमेदवाराला तेवढी वर्षे कसलाच वाटा मिळाला नाही.

तेव्हा निवडणूक आधी, आणि तिच्याबरोबर तीन गोष्टी, ज्यांना घटनादुरुस्ती लागत नाही, राज्याचा आदेश पुरतो. मंडलातल्या शाळा आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हजेरीचा अहवाल दर सभेपुढे यावा आणि रजा-गैरहजेरीवरचा मंडल परिषदेचा ठराव खात्याला बंधनकारक असावा. पाटीवर नाव आहे तर एवढा हक्क तरी असो. आयटीडीए आणि मिशन भगीरथ यांनी त्या मंडलात कुठल्या गुड्यात काय करायचे, त्याचा वार्षिक कागद परिषदेच्या मंजुरीशिवाय पुढे जाऊ नये. आणि स्टॅम्प ड्युटी व खनिजांचा वाटा सरकारी तिजोरीत न थांबता ठरल्या तारखेला परिषदेच्या खात्यात पडावा. शिवाय इतिवृत्ताची एक प्रत मराठीत, एक गोंडीत काढायला फार तर एक माणूस जास्तीचा लागेल. या गोष्टी होईपर्यंत इचोड्याच्या मंडल कार्यालयात फायली पुढे सरकत राहतीलच. स्पेशल ऑफिसरच्या राजवटीत ठरावाला सूचक लागत नाही, अनुमोदकही लागत नाही. एक सही पुरते.